घडी

झेस्टाफोनीत सकाळी आठला मी दुकान उघडते
तेव्हा कारखान्याचा धूर नदीवर टेकलेला असतो.
त्या दिवशी माझ्याआधीच त्सिउरी येऊन उभी,
हातात साठ गोळ्यांचा डबा, एकही न काढलेली.
म्हणाली, लामारा, एवढा परत घे.
मला दिवस गेलेत. दहावा आठवडा.

विकलेलं औषध परत घेता येत नाही, नियम आहे.
तो मी बोलून दाखवला नाही.
स्टूल पुढे सरकवलं.

कधीपासून घेतली नाहीस?
परवापासून.
कुणी सांगितलं?
ती बोटांवर मोजू लागली:
सासू, सासूची बहीण,
मिनीबसचा ड्रायव्हर (त्याला म्हणे तीन मुलं आहेत),
आणि हा कागद.

कागद माझ्या ओळखीचा. डब्यातून निघताना तळहाताएवढा,
उघडला की टेबलावरचं अख्खं फडकं.
त्यातल्या एका ओळीखाली तिने पेनाने रेघ मारली होती,
दोनदा, कागद फाटेस्तोवर:
गरोदर स्त्रियांबाबत पुरेशी माहिती नाही.

पुरेशी नाही म्हणजे काय गं?
जी आहे ती वाईट आहे,
की चांगली आहे पण थोडी?

काय सांगू.
दोन जिवांच्या बाईवर कुणी औषध तपासून बघत नाही, बघूही नये.
मग जिला घेण्यावाचून इलाजच नव्हता
अशी एकेक बाई कुठल्याशा वहीत नोंदवली जाते,
तिचं बाळ नोंदवलं जातं,
आणि त्या वहीला आपण माहिती म्हणतो.

सत्त्याऐंशी साली मी पोटुशी होते.
उलट्या थांबेनात म्हणून शेजारणीने एक पुडी दिली,
नाव नसलेली, वर्तमानपत्रात बांधलेली.
बादरीचा डावा हात कोपरापाशी संपतो.
पुडीमुळे? कुणालाच ठाऊक नाही.
इतकी वर्षं मी त्या पुडीवर खटला भरते
आणि दर वेळी पुराव्याअभावी सोडून देते.
बुटाची नाडी तो माझ्याआधी बांधतो.

हे त्सिउरीला सांगितलं नाही.
तिला विचारलं, गेल्या शरदात काय झालं होतं आठवतं?
आलुबुखारांची चटणी ढवळत होतीस, गॅस चालू,
आणि नवऱ्याने तुला जमिनीवरून उचललं.
तेव्हा तू एकटी होतीस, त्सिउरी.
आता फिट आली आणि श्वास अडला
तर कुणाकुणाचा अडेल?

ती काही बोलली नाही. स्टूलच्या कडेचं रबर सोलत राहिली.

कुताइसीला फोन लावला, डॉक्टर नानुलींना.
त्यांनी आधी औषधाचं नाव विचारलं, मग डोस.
नाव ऐकून त्यांचा सुस्कारा फोनमधून मलाही ऐकू आला.
दुसरं एक असतं ना, म्हणाल्या, तर मी ओरडलेच असते,
त्याने बाळांचं नुकसान होतं, ते वेळेआधीच बदलायला हवं.
हे आजपासून परत सुरू. गुरुवारी रक्त द्यायला पाठव.
बहुतेक डोस वाढवावा लागेल,
पोटुशी बाईचं शरीर औषध लवकर बाहेर टाकतं.

वाढवायचा? त्सिउरी म्हणाली.
आणि हसली, रडण्याच्या अगदी काठावरचं हसू.
मी बंद करायला आले होते.

मग तिने तेच विचारलं
जे सगळ्या विचारतात, नजर दुसरीकडे ठेवून:
तू शपथ घेशील, काही होणार नाही म्हणून?
माझ्या कपाटात खोकल्याची बारा औषधं आहेत,
गुडघ्यांची मलमं आहेत, अस्वलाच्या चरबीचीसुद्धा एक बाटली आहे.
शपथ नाही.
मी पेल्यात पाणी ओतलं.
तिने गोळी जिभेवर ठेवली,
क्षणभर तशीच बसली, तोंड मिटून,
जणू आत कुणाची परवानगी घेत असावी,
आणि गिळली.

कागद मात्र पुन्हा घडीत बसेना.
तिने दुमडला, मी दुमडला,
तो एकदा उघडला की पहिल्या घडीत कधी जात नाही.
शेवटी कसातरी कोंबला. झाकण फुगलेलं राहिलं.
तो तसाच डबा कोटाखाली धरून
ती रस्ता ओलांडून गेली.

रात्री शटर ओढायला बादरी आला.
ओढतो तो एकाच हाताने, एका दमात.
आज मी म्हटलं, थांब जरा.
का, म्हणाला.
काही नाही, म्हटलं. ओढ.